आइसलँडला विचारलंत का?

राजदूत सर (हे नाव आम्हीच ठेवलेलं) आम्हाला नावानं हाक मारतच नसत. राज्यशास्त्राच्या पहिल्याच तासाला त्यांनी वर्गातल्या बारा जणांना बारा देश वाटले आणि तीन वर्षं आम्ही तेच राहिलो. मी फ्रान्स. वसईच्या भर बाजारात "काय फ्रान्स, भेंडी मिळाली का?" असं त्यांनी विचारलं की भाजीवाली माझ्याकडे संशयानं बघायची. सर स्वतः वसईजवळच्या उमेळे गावचे. परदेश सोडाच, त्यांच्याकडे साधा पासपोर्टही नव्हता.

दर शनिवारी बाकं गोल मांडून मित्रराष्ट्रांची परिषद भरे. कुणाच्या तरी सीमेवर काल्पनिक संकट येई आणि सैन्य कोण देणार, बंदर कोण, नुसतंच धान्य कोण, यावर आम्ही घसा कोरडा होईस्तोवर भांडायचो. "करारावर सही सगळेच करतात," सर म्हणायचे, "वाटा मागितला की माना खाली!"

अर्नाळ्याची सुनीता आइसलँड होती. त्या देशाला स्वतःचं सैन्य नाही, पण समुद्रातली जागा मोक्याची. तिला तो देश एकदम पसंत होता. "सैन्य नाय तं नाय, मासे हायेत ना!"

दुसऱ्या वर्षी ती महिनाभर कॉलेजात फिरकलीच नाही. हजेरी भरली नसती तर परीक्षेला बसता आलं नसतं. घरच्यांनी शिक्षण थांबवलं असणार, हे आम्ही परस्पर ठरवून टाकलं. मित्रावर हल्ला म्हणजे आपल्यावरच हल्ला! दोन पानी संरक्षण योजना तयार झाली. जर्मनीनं तिच्या बाबांना समजवायचं, इटलीनं आईपुढे रडायचं, मी गावातल्या वडीलधाऱ्यांना गाठायचं. जर्मनीकडे मोटारसायकल असल्यानं दळणवळण खातंही त्यालाच दिलं.

सरांनी दोन्ही पानं शांतपणे वाचली. आम्ही शाबासकीसाठी सरसावून बसलो.

"योजना फक्कड आहे. आइसलँडला विचारलंत का?"

कुणीच विचारलं नव्हतं. सर तडक अर्नाळ्याला निघाले, मागोमाग आमची वरात. मासळीबाजारात सुनीता पाटी मांडून बसली होती. इटलीनं लगेच तिच्या बाबांचा विषय काढला, सरांनी मात्र "तुला काय हवंय?" एवढंच विचारलं.

"बाबा कशाला नाय म्हनतील?" ती हसायलाच लागली. "आयचा हात मोडलाय. सकालचं म्हावरं मीच इकते. सकालचे तास अकराला ठेवा, सर, मी येते."

अकराला मी वालीवच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या कामावर जायचो. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी पाटीतले बोंबील न्याहाळू लागलो. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरच्या हातापाया पडून दुपारची पाळी मागून घेतली. प्राचार्यांकडे खेटे घालून सरांनी वेळापत्रक बदलून आणलं. आइसलँड परीक्षेला बसली आणि वर मला मागे टाकून मोकळी झाली.

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले. निरोप समारंभाला बाराही देश हजर. आम्ही अकरा जण सरांच्या विद्वत्तेवर लांबलचक बोललो. सुनीता आता शाळेत शिकवते. ती सगळ्यांत शेवटी उठली.

"माझ्यासाठी लढायला अकरा जन तयार होते," ती म्हणाली. "मला काय हवंय ते इचारायचं एकट्या सरांनाच सुचलं."

सर उत्तराचं भाषण करायला उभे राहिले. त्यांनी नुसते हात जोडले आणि ते खाली बसले.