सात दिवसांचा खुलासा

भावजयीने नोटिशीचा फोटो पाठवला तेव्हा मी शाळेच्या कार्यालयात शिष्यवृत्तीची यादी तपासत होतो. फोटो तिरका आला होता, तरी 'विनापरवानगी गैरहजर' आणि 'सात दिवसांत खुलासा न आल्यास सेवा समाप्तीची कार्यवाही' एवढं वाचता आलं. तारीख मंगळवारची होती. फोटो आला तो शुक्रवार. सातातले तीन दिवस टपालातच गेले होते. उरलेल्या चारांत शनिवार-रविवार सुट्टी, म्हणजे हातात फक्त सोमवार आणि मंगळवार.

माझा धाकटा भाऊ तालुक्याच्या नगर परिषदेत पाणीपुरवठ्याला आहे. गावातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडायचे आणि बंद करायचे, हे त्याचं काम. शिवाय तो प्रादेशिक सेनेत आहे. नोकरी सांभाळून वर्षातून काही आठवडे लष्करी प्रशिक्षण घ्यायचं आणि गरज पडली की बोलावणं आल्यावर जायचं. बोलावणं आलं, तो गेला, त्याला आठ महिने झाले होते. तिथे फोन लागला तर लागला, नाहीतर आठवडाभर नाही.

पैशाची बाजू मी तो भरती झाला तेव्हाच समजून घेतली होती. बोलावल्यानंतरचा पगार केंद्राचा, संरक्षण खात्यातून. नगर परिषदेतला पगार एरवी राज्याच्या अनुदानातून येतो, तो तेवढा काळ बंद. लष्कराचा पगार इथल्यापेक्षा कमी पडला तर फरक कुणी द्यायचा, याचं सरळ उत्तर मला कुणीच दिलं नव्हतं. पण त्याची जागा राखायची आणि आला की परत घ्यायचं, एवढं नक्की. कार्यालयात त्याला धारणाधिकार म्हणतात. त्या एका शब्दावर मी आठ महिने निर्धास्त होतो.

रविवारी चर्चमध्ये उपासनेला गेलो. गीत संपलं, मंडळी बसली, मी नोटिशीच्या विचारात उभाच. बायकोने शर्ट ओढला.

"बसा की. सगळे बघायलेत."

सोमवारी पहिली एसटी धरली. घोडेगावला गाडी दहा मिनिटं थांबली, तेवढ्यात मी दोनदा खाली उतरून वर चढलो.

नगर परिषदेत आस्थापनेच्या टेबलावर बदलून आलेले नवे लिपिक होते.

"कर्मचारी कुठंय?" त्यांनी विचारलं.

"ड्युटीवर. जाताना अर्ज दिलाय त्यानं. आवक क्रमांकही आहे."

त्यांनी फाईल काढली आणि अर्ज माझ्यासमोर धरला. 'प्रादेशिक सेनेच्या सेवेसाठी बोलावणे आल्याने' या ओळीत 'सेनेच्या' खाली लाल रेघ होती.

"हितंच घोळ हाय. नगर परिषदेच्या माणसाला राजकारणात भाग घेता येत न्हाई. आन् यानं तर लेखी दिलंय."

मी ती ओळ पुन्हा वाचली. तेवढ्यात दारातला शिपाई म्हणाला, "भाऊसाहेब, कोन्त्या गटात गेलाय ते तरी इचारा."

शेजारची दोन टेबलं हसली. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"अहो, ही ती सेना नाही. बंदूकवाली. मिल्ट्री!"

"मिल्ट्री? मंग मिल्ट्रीच ल्ह्यायचं ना सरळ!"

इथे चूक माझी होती, कारण तो अर्ज मीच शब्द न् शब्द सांगितला होता. भाऊ 'टेरिटोरियल आर्मी'च लिहीत होता. शासनाला अर्ज करायचा तर शुद्ध मराठीत कर, असं मीच म्हणालो होतो. सोबत जोडलेला इंग्रजी आदेश टाचणीतून निसटून दुसऱ्याच कुणाच्या फाईलला लागला होता. तो शोधायला दुपार झाली.

आदेश घेऊन मुख्याधिकारी मॅडमकडे गेलो. भांडायची सगळी तयारी करून आलो होतो. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "नोटीस मागे घेते. पण बसा जरा. त्याचा पगार केंद्र देतं. तो इथे नाही म्हणून राज्याकडून त्याच्या नावाचे पैसे येत नाहीत. आणि तुमच्या त्या धारणाधिकारामुळे जागा मला भरता येत नाही. मग आठ महिने व्हॉल्व्ह कोण फिरवतंय?"

"कोण?"

"रोजंदारीचा माणूस. त्याची मजुरी आमच्या पाणीपट्टीतून."

"आणि पगारातला फरक?"

"वर मार्गदर्शन मागवलंय. कधी येईल ते विचारू नका."

मी विचारलं नाही. सैनिक एक, त्याच्यामागे सरकारं तीन; आणि ज्याच्याकडे सगळ्यात कमी पैसा, त्याच्यावर पाणी सोडायची जबाबदारी. पण नोकरी माझ्या भावाची होती, म्हणून पाणीपट्टीबद्दल मी काही बोललो नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

संध्याकाळी भावाचा फोन लागला. शिपायाचं बोलणं ऐकून तो खूप हसला. मग ते त्याने शेजारच्यांना हिंदीत सांगितलं, तिकडे कुणीच हसलं नाही.

"दादा, एक सांगायचं हाय. मुदत वाढली. अजून वर्षभर."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तोच पुढे म्हणाला,

"व्हॉल्व्हवर कोन हाय सध्या?"

सांगितलं. त्याची मजुरीही सांगितली.

"एवढ्यात कसं भागवतो तो? मी जागा सोडली तर त्याला कायम करतील का?"

"नाही. तुझी जागा रिकामी होईल, एवढंच. भरतीला वरून परवानगी लागते."

"मंग ऱ्हाऊ द्या धरून," तो म्हणाला आणि फोन कट झाला. बायको 'काय म्हणाला?' म्हणून विचारत होती. मी म्हणालो, बरा आहे.

मंगळवारी पुन्हा गेलो. नोटीस रद्द झाल्याचं दोन ओळींचं पत्र सही-शिक्क्यानिशी हातात आलं. ते घडी घालून ठेवलं आणि भावाने रात्री फोनवर पाठवलेला मुदतवाढीचा आदेश छापून टेबलावर ठेवला, या वेळी अर्जाला दोन टाचण्या लावून. लिपिकाने तो उलटापालटा केला.

"ह्येच्यापुढं अजून वाढंल का? किती धरू?"

"माहीत नाही," मी म्हणालो. सरकारी टेबलासमोर उभं राहून हे उत्तर मी आयुष्यात पहिल्यांदा दिलं. त्यांनी परत येण्याच्या तारखेचा रकाना कोरा सोडला आणि फाईल बांधली.