बशी उलटणारी माणसे

रविवारी संध्याकाळी ती मालिका लागली की इंग्लंडमधल्या लाँगटन गावी घराघरांत चहाची भांडी तशीच पडून राहत. मालिकेतली बाई एका पोस्टमास्तरची बायको होती, पण तिचा तोरा असा, की राजवाड्याच्या पडद्यांचे कापडसुद्धा हिला विचारून निवडले असावे. एका भागात तिने मेजवानीसाठी भाड्याने पियानो आणला. वाजवता घरात कोणालाच येत नव्हता. एखाद्या पाहुण्याचा हात पियानोकडे वळला की बाई लगबगीने त्याच्या हातात केकचा तुकडा ठेवी. एवढ्याशा गोष्टीवर माणसे अर्धा तास पोट धरून हसली.

सिरिल ब्रिंडली आणि त्याची बायको थेल्मा दर रविवारी शेजारच्या ट्रेंटम या ऐटदार वस्तीतून लाँगटनला बेरिलकडे ही मालिका बघायला जात. बेरिल ही थेल्माची थोरली बहीण. तिने लग्न केले नव्हते आणि दोघी बहिणी ज्या घरात जन्मल्या त्याच घरात ती राहत होती. थेल्माकडचा टीव्ही खरे तर जास्त मोठा होता. पण तो दारे लावलेल्या कपाटात कोंडलेला असे. दिवाणखान्यात टीव्ही उघड्यावर दिसणे थेल्माला बरे वाटत नसे.

"ही बाई म्हणजे हुबेहूब आमची मिसेस क्ल्यूलो!" हसून हसून डोळ्यांत आलेले पाणी पुसत थेल्मा म्हणे. मिसेस क्ल्यूलो ही ट्रेंटमची शेजारीण. तिने दाराच्या दोन्ही बाजूंना पितळी कंदील टांगले होते, ते थेल्माच्या डोळ्यांत खुपत होते.

"हो गं बदके, मिसेस क्ल्यूलोच," बेरिल म्हणे आणि सिरिलकडे बघे. सिरिल कपात तोंड घाली. लाँगटनमध्ये लाडाने सगळ्यांनाच बदक म्हणतात. ट्रेंटममध्ये मात्र थेल्माने या शब्दाला घरात बंदी केली होती.

सिरिलला ती मालिका मनापासून आवडे. त्याच्या मते तिची गंमत साधी होती. अशी बाई प्रत्येकाच्या ओळखीची असते आणि ती बाई आपण आहोत असे मात्र कोणालाच वाटत नाही. शिवाय आणखी एक गोष्ट त्याने हेरली होती. पोस्टमास्तरची बायको कितीही मिरवली, तरी मध्येच एकदा चटकन दाराकडे बघे. जणू कोणीतरी आत येईल आणि म्हणेल, "बाई, उठा, ही तुमची खुर्ची नाही." बाकीचे तिथे हसत. सिरिलला तिथे हसू येत नसे. ती नजर त्याच्या रोजच्या ओळखीची होती.

थेल्मा आणि बेरिलचे वडील चिनी मातीच्या कारखान्यात भट्टी भरण्याचे काम करत. लाँगटन गावाने साऱ्या जगाच्या मेजवान्यांची ताटे-बशा घडवल्या, पण त्या घरात एकासारखा दुसरा कप नव्हता. कोणाचा कान तुटलेला, कोणाची कड उडालेली, कोणाची बशी भलत्याच रंगाची. कोणी पाहुणा आला की आई चांगला कप त्याला देई आणि स्वतः मुरंब्याच्या बरणीतून चहा पिई. थेल्मा लहानपणी विचारी, "आई, आपल्याकडे सारखे कप का नाहीत?" आई म्हणे, "सारखे असतात ते विकायचे असतात."

शाळा संपल्यावर दोघी कारखान्यात लागल्या. बेरिल रंगकामाच्या खात्यात कपांच्या कडांना सोने लावायला बसली आणि निवृत्त होईपर्यंत त्याच बाकावर बसली. थेल्मा मागणी-विभागात फोनवर. लंडनच्या दुकानदारांशी बोलता बोलता तिने त्यांचा आवाज उचलला आणि तो पुन्हा कधी खाली ठेवला नाही. लग्नानंतर सिरिल बस डेपोत इन्स्पेक्टर होता. थेल्मा सांगताना "वाहतूक प्रशासनात" म्हणे. ट्रेंटमचे घर घेतले ते समोरच्या अर्धगोल खिडकीसाठी. त्या खिडकीचे जाळीचे पडदे ती दर आठवड्याला धुई. मागच्या खिडक्यांचे पडदे कधी धुतले जात, ते सिरिललाही ठाऊक नव्हते.

आणि दिवाणखान्यात काचेच्या कपाटात टी-सेट होता. पांढराशुभ्र, कडेला सोन्याची बारीक वेल.

"सिरिलच्या आजीचा," थेल्मा सगळ्यांना सांगे.

तो सेट बेरिलने तिला लग्नात दिला होता. कारखान्याच्या सेलमधून सेकंडचा, म्हणजे किरकोळ खोट निघालेला माल एकेक नग निवडून तिने जमवला होता. पांढऱ्या नगांवर, कारखाना सुटल्यावर बाकावर बसून, उरल्यासुरल्या सोन्याने तिने स्वतः ती वेल काढली. सारखे बारा कप, सारख्या बारा बशा. फक्त प्रत्येक नगाच्या तळाशी, कारखान्याच्या शिक्क्यावर आडवा ओरखडा होता. माल नापास आहे, याची ती खूण. सिरिलच्या आजीने जन्मभर चहा प्यायला तो पत्र्याच्या मगातून. "तुझी आजी बरी," बेरिल एकदा त्याला म्हणाली होती, "मेल्यावर श्रीमंत झाली."

त्या वर्षी मुलाचे, मार्टिनचे, लग्न ठरले. मुलगी फिलिपा, चेशरमधली, म्हणजे बड्या लोकांच्या भागातली, वडिलांचा इमारतींचा व्यवसाय. तिचे आईवडील रविवारी चहाला येतो म्हणाले. थेल्माने आठवडाभर आधीच चांदीचे चमचे घासायला घेतले.

"बेरिलला कळवायला हवं," सिरिल म्हणाला.

थेल्माने चमचा उजेडात धरला. "तिला अवघडल्यासारखं होईल रे."

"कोणाला? बेरिलला? ती राणीसमोर बसली तरी चहात बिस्किट बुडवेल."

"तेच म्हणते मी." मग चमचा खाली ठेवून ती हळू आवाजात म्हणाली, "सिरिल, ती बशी उलटेल."

बेरिल बशी उलटणार यात शंकाच नव्हती. आमच्या या गावांतला माणूस कुठेही गेला, हॉटेलात गेला, लग्नाला गेला, अगदी मर्तिकाला गेला, तरी समोरची बशी उलटून खालचा शिक्का बघितल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नाही. हाताला लागलेली सवय. बेरिल बशी उलटणार, ओरखडा दिसणार, आणि वर ती म्हणणार, "अगं, ही तर मी केलेली!"

"मार्टिनची मावशी आहे ती," तो एवढेच म्हणाला.

"लग्नाला असेलच ना. मी काय नाही म्हणते? फक्त हा एक रविवार."

निरोप सांगायचे काम सिरिलवर आले. शुक्रवारी तो लाँगटनला गेला. बेरिलच्या खुर्चीच्या पाठीवर निळा नवाकोरा पोशाख टांगलेला होता, दुकानाची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती. तो दारातून आत येताच तिने पोशाखाची घडी घालून तो कपाटात टाकला.

"मार्टिन म्हणाला पाहुणे येणार. कधी येतायत?"

"रविवारी."

"म्हणजे तुमची मालिका बुडली. टेप करून ठेवते." तिने किटली गॅसवर ठेवली. "चहा कशात देणार?"

"तुझ्याच सेटमध्ये."

"माझ्या नाही. तुझ्या आजीच्या," बेरिल म्हणाली आणि हसली. पण त्या दिवशी ती नेहमीसारखी मोठ्याने हसली नाही. परत येताना सिरिलला गाडीत बसून वाटत राहिले की आपण काहीतरी बोलायला हवे होते. थेल्माला की बेरिलला, ते मात्र त्याचे त्यालाच ठरेना.

रविवारी हारग्रीव्ह मंडळी आली. मिस्टर हारग्रीव्ह मोठ्या पोटाचे, कमी बोलणारे. मिसेस रोझामंड हारग्रीव्ह यांच्या गळ्यात मोत्यांची माळ होती आणि आवाज इतका मऊ होता, की थेल्माचा टेलिफोनवरचा आवाजही त्यापुढे खरबरीत वाटावा. मार्टिन आणि फिलिपा कोचाच्या कडेला अवघडून बसले होते. काकडीचे सँडविच फिरले. हवेबद्दल बोलून झाले. रस्त्यांबद्दल बोलून झाले.

"किती सुंदर सेट आहे," मिसेस हारग्रीव्ह म्हणाल्या.

"सिरिलच्या आजीचा," थेल्मा म्हणाली आणि तिने चटकन एकदा दाराकडे बघितले. सिरिलने ते पाहिले आणि त्याला मालिका आठवली.

थोड्या वेळाने बोलणे पुन्हा आटले. मिस्टर हारग्रीव्ह खिडकीबाहेरच्या गुलाबांची चौकशी करू लागले. मिसेस हारग्रीव्ह मान डोलावत ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी कप बाजूला ठेवला, बशी उचलली, तळाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि मनगटाच्या एका हिसक्यात ती उलटी केली.



"रोझ..." मिस्टर हारग्रीव्ह पुटपुटले.

बाईंनी हातातल्या बशीकडे बघितले. ओरखडा त्यांच्या डोळ्यांसमोर होता. थेल्माचा चेहरा पांढरा पडला. पण सिरिलला नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. मिसेस हारग्रीव्ह कानांपर्यंत लाल झाल्या होत्या. चोरी पकडली जावी तशी त्यांनी बशी घाईने सरळ केली.

थेल्मा त्यांच्या हाताकडे बघत होती. तो अंगठा, तो हिसका. असे बशी उलटणे कोणी पुस्तकातून शिकत नाही.

"तुम्ही कुठल्या?" थेल्माने विचारले. तिचा टेलिफोनचा आवाज कुठे गेला कोण जाणे.

मिसेस हारग्रीव्ह यांनी नवऱ्याकडे बघितले, मुलीकडे बघितले. "लाँगटन," त्या म्हणाल्या. "गॅसच्या टाकीमागची गल्ली. आई कारखान्यात कपबशांवर चित्रांचे कागद चिकटवायची."

"आई!" फिलिपा म्हणाली. "तू तर मँचेस्टरजवळची ना?"

"जवळचीच की," आई म्हणाली. "आगगाडीनं तासाभरावर."

मिस्टर हारग्रीव्ह यांना खोकल्याची उबळ आली. त्या उबळीत हसू किती होते ते कळायला मार्ग नव्हता.

मिसेस हारग्रीव्ह यांनी बशी पुन्हा हातात घेतली, या वेळी सरळ धरून. "वेल मात्र अप्रतिम आहे हं. सेकंडच्या मालावर असा हात कोण चालवतं? कोणी काढली?"

सिरिलला वाटले, आता ही म्हणेल, आजीनं. किंवा म्हणेल, कोण जाणे. दोन्ही उत्तरे थेल्माच्या ओठांपर्यंत आलेली त्याला दिसली. तिने समोरच्या कपांवरून नजर फिरवली.

"माझ्या बहिणीनं," थेल्मा म्हणाली. "बेरिलनं. माझ्या लग्नात दिला तिनं. आजीबिजी काही नाही."

"कुठे असतात त्या?"

"लाँगटनलाच. गाडीनं दहा मिनिटं."

"मग आज आल्या का नाहीत?"

थेल्माने मान खाली घातली. "ती बशी उलटेल म्हणून मी बोलावलं नाही."

पहिल्यांदा हसल्या त्या मिसेस हारग्रीव्ह. मोत्यांची माळ हिंदकळेपर्यंत हसल्या, आणि तो आवाज मऊबिऊ मुळीच नव्हता. मग थेल्माही हसू लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आले, आणि ते सगळेच हसण्याचे नव्हते. "सिरिल," ती म्हणाली, "बसलायस काय? गाडी काढ."

सिरिलने दार वाजवले तेव्हा बेरिल टीव्हीसमोर बसून टेप लावायच्या तयारीत होती.

"चल. थेल्मानं बोलावलंय."

"कशाला? कप कमी पडले?"

"तिनं सगळ्यांदेखत सांगितलं. सेट तुझा आहे म्हणून."

बेरिल बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिली. टीव्ही बंद होता. "थांब पाच मिनिटं," ती म्हणाली. आतून आली ती निळा पोशाख घालून. पाठीमागे चिठ्ठी लोंबत होती. सिरिलने ती गाडीत बसण्यापूर्वी हळूच तोडली.

दोघे ट्रेंटमला पोचले तेव्हा थेल्मा दारातच उभी होती.

"पोशाख छान आहे," थेल्मा म्हणाली.

"ठाऊक आहे," बेरिल म्हणाली. "केक उरलाय का?"

ती आत येऊन बसली, कप हातात घेतला आणि बशी उलटली. सगळे तिच्याकडे बघत होते. "काय झालं?" ती म्हणाली. "उलटायची नाही का?"

मालिकेची वेळ झाली तशी थेल्मा स्वतः उठली आणि तिने टीव्हीच्या कपाटाची दारे सताड उघडली. त्या दिवशी पोस्टमास्तरच्या बायकोने बिशपसाहेबांना जेवायला बोलावले होते. बेरिल हसली, मिस्टर हारग्रीव्ह पोटासकट हसले. "अगदी माझी नणंद!" मिसेस हारग्रीव्ह म्हणाल्या. "छे छे, आमची मिसेस क्ल्यूलो!" थेल्मा म्हणाली. बेरिलने सिरिलकडे बघितले. सिरिलने कपात तोंड घातले.

दुसऱ्या दिवशी सिरिल गुलाबांपाशी वाकून गवत काढत होता. कुंपणापाशी थेल्मा मिसेस क्ल्यूलोशी बोलत होती, आवाज पुन्हा टेलिफोनचा.

"तुमचा तो आजीचा सेट काल बाहेर काढला होता वाटतं?" मिसेस क्ल्यूलोने विचारले.

"आजीचा नव्हे हो, माझ्या बहिणीच्या हातचा आहे तो," थेल्मा म्हणाली. "खरं सोनं. एकेक वेल हातानं काढलेली. असा सेट दुकानात मिळत नाही बरं का. तुमच्याकडे आहे का कोणी असं, हातानं सोनं लावणारं? नाही? अरेरे."

सिरिलने डोके गुलाबांच्या आणखी आत घातले.