स्टोअरमधला सतरा नंबर

१४ नोव्हेंबर २०१७, मंगळवार. कळंबच्या एका संस्थेच्या दवाखान्यात बाहेरचे हल्ले अडवणारी फायरवॉल लावायचं काम होतं. तिथले कॉम्प्युटर मीच सांभाळायचे. भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही... घडलं तेवढं लिहिते.

दोन दिवस बाहेरून कुणीतरी सर्व्हरवर खोट्या मागण्यांचा मारा करत होतं. मी नको ते पोर्ट, म्हणजे सर्व्हरची बिनकामाची दारं, बंद केले, एका पत्त्यावरून, म्हणजे नेटवर्कवरच्या एका कॉम्प्युटरच्या क्रमांकावरून, येणाऱ्या मागण्यांना मर्यादा घातली, आणि पाचदा पासवर्ड चुकला की तो पत्ता बंद — असा नियम लावला. दुपारी तीनला मारा थांबला.

काउंटरवर सुखदेवची बायको उभी होती. सुखदेव मजूर. दोन महिन्यांपूर्वी कपाशीवर फवारताना पडला, आमच्याकडे आणल्यावर दोन दिवसांत गेला.

"मॅडम, ताप कुठं होता त्यायले? मालक म्हणते, दारूनं मेला. माह्या पोरीले शाळेत तेच आयकाव लागते. खरं लिवून द्या ना."

खरं लिहिलेलं होतं. आमच्या ऑपरेटर वंदनाने डॉक्टरांच्या कागदावरून 'फवारणीतून विषबाधा' अशी नोंद केली होती. पण शेताचा मालक संस्थेच्या सचिवांचा साडू. सचिवांनी 'ताप' लिहायला सांगितलं. वंदनाने साफ नकार दिला. मी 'ताप' लिहिलं. पुढे महिन्याभरात वंदना डेंग्यूने वारली.

"उद्या या," एवढं बोलून मी सर्व्हरचा लॉग, कोण आलं-गेलं त्याची यादी, उघडला. आतलाच एक पत्ता बंद झाला होता — सतरा नंबर, वंदनाचा जुना कॉम्प्युटर, आता स्टोअरमध्ये पडलेला. लॉगिनचं नाव: वंदना. मागितलेलं पान एकच, सुखदेवचं. तिचं खातं तर मी तेरवीच्या आधीच बंद केलं होतं!

शिपाई नामदेवभाऊंना घेऊन स्टोअरमध्ये गेले. सतरा नंबर तिथेच, खोक्यात.

"याले ना वायर, ना बोर्ड," ते हसले. "उंदराचा बंगला झाला हा. अन् तुमी याले पकडून राह्यल्या?"

तो पत्ता दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरने घेतलाय का, एकेक तपासला. नाही. परत आले तर आणखी एक प्रयत्न... 'अडवला.' नियम चोख चालत होता.

सचिवांना सांगितलं. "बाई, तुमी आपले डब्बे पाहा. पंचायती कायले करता?"

कोण होतं, मला आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सतरा नंबरवरची बंदी उठवली. अकरापर्यंत वाट पाहिली. कोणी आलं नाही. मग बॅकअपमधून वंदनाची मूळ नोंद मीच परत घातली, प्रिंटवर डॉक्टरांची सही घेतली, कागद सुखदेवच्या बायकोच्या हातात दिला आणि सर्व्हर रूमची किल्ली सचिवांच्या टेबलावर ठेवून बसस्टँडवर गेले.