गोधड्या नेल्या, खोली सोडली नव्हती

पितृपक्षाच्या शेवटच्या आठवड्यात लातूरच्या एका मुलींच्या हॉस्टेलमध्ये किनवटकडच्या विद्यार्थिनीची कॉट दुसऱ्या मुलीला दिली गेली. किनवटची मुलगी चार दिवसांसाठी घरी गेली होती. संध्याकाळी वडिलांबरोबर परतली, तेव्हा तिच्या जागी रेणापूरची मुलगी राहायला आली होती. हॉस्टेलमध्ये एकही कॉट शिल्लक नव्हती आणि वैद्यकीय प्रवेशाच्या क्लासची परीक्षा रविवारी होती.

कॉट माणसाने दिली नव्हती. पालकांचे फोन एक एआय एजंट घेत असे. तो नांदेडच्या ज्या छोट्या कंपनीने बनवला, तिथे मी कामाला आहे. त्याआधी बरीच वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. एजंटच्या हाताशी काही टूल असतात: एक रजा नोंदवतं, एक खोली सोडल्याची नोंद करतं. टूलच्या आत काय घडतं ते एजंटला दिसत नाही. शेजारी लिहिलेलं वर्णन वाचून तो निवड करतो. ही वर्णनं सुधारण्याचं काम माझ्याकडे होतं, पण या दोन टूलपर्यंत मी अजून पोचलो नव्हतो.

रेक्टरबाईंचा फोन आला. "तुमच्या मशीनलाच विचारा, या लेकराला आता निजवू कुठं? माझ्या डोक्यावर?" मागून वडिलांचा आवाज येत होता. "बाई, मी कवा म्हनलो सोडतो म्हनून? गोधड्या धुवायला नेल्या, पोरीचं नाव धुवायला न्हाई नेलं."

आम्ही वडिलांच्या आधीच्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं.

"लेकराला घेऊन चाललो," ते म्हणत होते. "तिची माय म्हनली, गादी, वाकळ, समदं घेऊन या. दसरा काढून राहिलो आमी."

"ठीक आहे काका. मुलगी सामानासह जात असल्याची नोंद करू का?" एजंटने विचारलं.

"हाव, करा की."

घटस्थापनेआधी घरातलं एकूण एक अंथरूण-पांघरूण धुऊन वाळत घालतात; यालाच दसरा काढणं म्हणतात. हॉस्टेलला गेलेली गोधडीही घरचीच धरली जाते. ती मागे राहिली तर दसरा काढून झाला असं कुणी म्हणत नाही. वडिलांनी हे समजावून सांगितलं नाही. तशी गरज त्यांना वाटली नसावी.

दोन्ही टूलची वर्णनं पडद्यावर काढली. 'रजा'पुढे होतं: विद्यार्थिनी घरी जात असल्यास वापरा. 'खोली सोडणे'पुढे: विद्यार्थिनी सामानासह घरी जात असल्यास वापरा. एजंटने दुसरं निवडलं होतं. लिहिलेल्या शब्दांप्रमाणे त्याची निवड बरोबर होती.

वर्णनं लिहिणारी इंजिनिअर माझ्या शेजारीच बसली होती. ती पुण्यात हॉस्टेलला राहिलेली. "आमच्याकडे गादी खाली उतरली की मुलगी गेलीच," ती म्हणाली. मग रेक्टरबाईंना तिने स्वतः फोन लावला आणि मुलगी जेवली का, ते आधी विचारलं.

नवीन मजकूर आम्ही दोघांनी बसून लिहिला. "खोली सोडणे: मुलगी कायमची जात आहे, परत येणार नाही, असं पालकाने स्वतः सांगितलं असेल तरच वापरा. वापरताच कॉट प्रतीक्षेतल्या पुढच्या मुलीला दिली जाते आणि ती परत घेता येत नाही. गादी, गोधड्या किंवा सगळं सामान नेलं, एवढ्यावरून खोली सोडली असं धरू नका. मुलगी परत येणार आहे का, हे आधी विचारा. येणार असेल तर 'रजा' वापरा."

"दसरा काढणं घालायचं का?" तिने विचारलं.

"नको. उद्या कुणी लग्नासाठी गादी नेईल."

चाचणीला ती वडिलांच्या जागी बोलली. "पोरीला घेऊन चाललो, गादी पन नेतो."

"तुमचं किनवट शिवाजीनगरवरून आलंय," मी म्हणालो. एजंटने मात्र विचारलं, "काका, ती परत कधी येणार?"

हॉस्टेलमधला प्रश्न त्याने सुटला नव्हता. रेणापूरच्या मुलीला उठवणार नाही, असं रेक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं; तिची काही चूक नव्हती. पुढचं नंतर त्यांच्याकडूनच कळलं. वडील हॉस्टेलच्या पायरीवर बसून होते. मुलगी परत घरी चल म्हणाली तर अभ्यास तिथेच थांबेल, ही त्यांची भीती होती. ती तसं म्हणाली नाही. रेणापूरची मुलगी खाली आली आणि म्हणाली, "झोपू की दोघी. घरी आम्ही तिघी बहिणी एका पलंगावर असतो. फक्त ही लाथा मारत असली तर आत्ताच सांगा."

त्या रात्री दोघी एका कॉटवर झोपल्या. वडील सकाळच्या गाडीने गेले.

शनिवारी दुपारी रेक्टरबाईंनी फोनवर कळवलं की, जिन्याजवळची सामानाची खोली रिकामी करून तिथे एक कॉट टाकली आहे, दिवा आणि पंखा चालू आहे, आणि किनवटची मुलगी तिथे राहायला गेली आहे.