झेंडूची माळ घातलेली चिप

आयुधपूजेला ऑफिसातल्या यंत्रांना झेंडू चढला, की त्या वासाबरोबर मला यशवंतपूरच्या जुन्या प्रयोगशाळेतला एक बोर्ड आठवतो. अनेक फोनचे एकमेकांत मिसळलेले सिग्नल वेगळे करणारा रिसीव्हर या बोर्डवरच्या एका चिपवर चालेल, अशी दवंडी आमच्या संचालकांनी दिल्लीपर्यंत पिटली होती. नागपूरहून आलेल्या सहकारी मुलीने महिनाभर तपासून सांगितलं, "सर, अल्गोरिदम बरोबर आहे, पण एवढे गुणाकार या चिपमध्ये मावणार नाहीत." संचालक म्हणाले, "हार्डवेअर हा तपशील असतो, मॅडम. 'शक्य आहे' लिहा आणि सही करा, नाहीतर प्रकल्प सोडा." तिने प्रकल्प सोडला आणि सही मी केली. आयुधपूजेच्या मुहूर्तावर पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक झालं. रेशमी वस्त्रावर बोर्ड, त्याला कुंकू, माळ आणि पडद्यावर चारही फोनचे सिग्नल स्वच्छ वेगळे. सगळी आकडेमोड टेबलाखालच्या केबलने जोडलेला शेजारच्या खोलीतला सर्व्हर करत होता, बोर्डवर नुसते दिवे लुकलुकत होते. एका वृद्ध पाहुण्यांनी चिपवर बोट ठेवलं. "इतकं काम करून ही थंड कशी?" "तेच तर आमचं यश, सर!" संचालक उद्गारले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. आमचे तंत्रज्ञ अण्णा माझ्या कानाशी आपल्या कानडी वळणाच्या मराठीत पुटपुटले, "आरती स्वल्प जवळ धरायची होती, तेवढीच तापली असती." आता मी माळ घातलेल्या यंत्राला आधी हात लावून बघतो, मगच नमस्कार करतो. त्या दिवशी तिथे गरम झाले होते ते फक्त टाळ्या वाजवणारे हात, आणि त्यांत माझेही होते.