मानपुरहून येताना लागलेला दिवा

आई गेली त्या वर्षी बाबांचं बोलणं फारच कमी झालं. आयुष्यभर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग घेतलेला माणूस. पूर्वी ते जेवतानासुद्धा गिअरबॉक्स समजावून सांगायचे. आता दिवसभरात चार वाक्यं. आम्हांला वाटलं, दुःख आहे, हळूहळू निवेल.

एका रविवारी मानपुरला आत्याकडे जेवून आम्ही दोघं इंदूरला परत निघालो. गाडी मी चालवत होते. गावाबाहेर पडतो न पडतो, तोच मीटरवर एबीएसचा पिवळा दिवा लागला.

"बाबा, ब्रेक फेल तर नाही झाले?"

ते पुढे वाकले. "सोबत लाल दिवा आहे का? नाही ना? मग चल आरामात. साधे ब्रेक चालू आहेत."

आणि कित्येक महिन्यांनी बाबा सलग बोलू लागले. "चारही चाकांपाशी सेन्सर असतात. कुठलं चाक किती जोरात फिरतंय, ते कंप्युटरला कळवतात. जोरात ब्रेक मारल्यावर एखादं चाक जाम व्हायला लागलं, की कंप्युटर त्याचा ब्रेक क्षणभर ढिला करतो, पुन्हा धरतो. पण एका चाकाची खबरच येईना, तर तो अंदाजाने काम नाही करत. स्वतः बाजूला होतो, दिवा लावतो आणि कुठे बिघडलं ते नोंदवून ठेवतो. तू फक्त अंतर ठेव, एकदम ब्रेक दाबू नको. चाक जाम झालं तर स्टिअरिंग फिरवून काही फायदा नाही."

मला इतकं बरं वाटलं, की मी मुद्दाम प्रश्न विचारत राहिले.

सुदामा नगरच्या आमच्या मेकॅनिकने मशीन लावून बघितलं. मागच्या डाव्या चाकाच्या सेन्सरची तार तुटली होती. "काकाजी तो उस्ताद हैं, दीदी," तो म्हणाला. तार जोडली, तरी दिवा तसाच.

"एक चक्कर मारून आण," बाबा म्हणाले. "चाक फिरलेलं बघितल्याशिवाय कंप्युटरला पटणार नाही."

चौकापर्यंत जायच्या आतच दिवा विझला. परत येऊन सांगितलं तर बाबा खुशीत हसले. म्हणाले, "अगं, आईला फोन लाव. चहाला थांबली असेल बिचारी. सांग, गाडीपायी उशीर झाला."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. थट्टा नव्हती ती.

"बाबा, आई गेली ना आपली. मागच्या वर्षी."

त्यांचं हसू हळूहळू उतरलं. "हो का?" ते म्हणाले. "मला कोणी सांगितलंच नाही."

आईला अग्नी त्यांनीच दिला होता.

डॉक्टरांना दाखवून झालं, गोळ्या सुरू झाल्या. बाबा अजूनही विचारतात, आई कुठे आहे. सुरुवातीला मी खरं सांगायचे आणि प्रत्येक वेळी ते नव्याने रडायचे. आता सांगते, देवळात गेलीय. ते "बरं" म्हणतात, खुर्ची दाराकडे ओढतात आणि वाट बघत बसतात.