पंख्याखालची जागा

उन्हाळ्याची सुट्टी संपवून जाधव ऑफिसात आला आणि दारातच थांबला. पंख्याखालचं त्याचं टेबल कोपऱ्यात सरकवलेलं होतं आणि त्या जागी सावंत बसला होता.

"माझं टेबल कुणी हलवलं?"

"गावाला गेलास, जागा गेली," सावंत हसत म्हणाला.

मी खुर्चीतून उठेपर्यंत सावंत जमिनीवर होता आणि जाधव त्याच्या छातीवर बसून त्याला मारत होता. चष्मा फुटला. भुवईतून रक्ताची धार लागली. आम्ही तिघांनी मिळून जाधवला ओढून बाजूला केलं, तरी त्याच्या मुठी चालूच होत्या. कधी आवाज न चढवणारा हा माणूस!

मी त्याला पाणी दिलं. दोन घोट घेऊन त्याने ग्लास खाली ठेवला.

"पोरीला आजीकडेच ठेवलंय, शाळा सुरू होईपर्यंत," तो म्हणाला. "पहाटे एसटीत चढताना शर्ट सोडेना. तिची बोटं एकेक करून उघडावी लागली मला. किंचाळत होती ती."

सुट्टीवरून परतताना आपण बहुतेक सगळेच कुणाचा तरी हात असा सोडवून येतो आणि ऑफिसात सांगतो, मजा आली. तो सोडवतानाचा जोर मग कुठे जात असेल?

सावंत रुमालाने भुवई दाबून भिंतीला टेकला होता. झटापटीत पडलेला जाधवचा मोबाइल त्याने रक्ताळल्या हाताने उचलला आणि त्याच्यापुढे धरला.

"आधी तिला फोन लाव," तो म्हणाला.